बोलता बोलता थांबलो, अन् गळ्यात हार पडला!

पऱ्हाटीवाला | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसता वाचत होतो, आज पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गाव यवतमाळ जिल्ह्यात. पाच एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, दोन एकर तूर. आमच्या शेतकरी गटाचा मी सचिव, म्हणजे वह्या लिहिणं, मीटिंगला चहा सांगणं आणि कोणी तयार नसलं की भाषण करणं. पोळ्यानंतरच्या आठवड्यात शेजारच्या गावात गुलाबी बोंडअळीवर मेळावा होता. मंडप, सव्वाशे खुर्च्या, चार भोंगे, स्टेजवर साहेब लोक. माझ्या वाट्याला दहा मिनिटं.

मी पहिल्यापासून धडधड बोलणारा. बायको म्हणते, तुमचं भाषण म्हणजे थ्रेशरमध्ये सोयाबीन टाकल्यासारखं, समोरच्याच्या अंगावर नुसतं कुटार उडते. म्हणून यावेळी ठरवूनच गेलो होतो. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात सांगितलं होतं, महत्त्वाचं वाक्य झालं की तीन सेकंद थांबा, लोकांकडे पाहा, मग पुढे जा.

उभा राहिलो. "मायबापहो, यंदा बोंडअळी आपल्या धुऱ्यापर्यंत आली आहे." आणि थांबलो. मनात एक, दोन... तीन म्हणायच्या आत संचालन करणारे सर दुसऱ्या माइकवर सुरू! "अत्यंत मोलाचं मार्गदर्शन केल्याबद्दल खूप खूप धन्यवाद!" हार घेऊन एक जण बाजूला उभाच होता. तो गळ्यात पडला, टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. फोटोत माझं तोंड उघडं आहे.

कामगंध सापळे (मादीच्या वासाने बोंडअळीचे पतंग ओढणारे), पतंग मोजणं, फरदड (हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून कापूस घेणं), सगळं खिशातल्या कागदावरच राहिलं. घरी आलो तर पोरगी म्हणे, बाबा, एवढ्या लवकर आटोपलं?

तर प्रश्न असा. दसऱ्याच्या आधी आमच्याच गावात पारावर हीच माहिती सांगायची आहे. थांबावं की नाही? थांबलो तर कोणी तरी मधात घुसते. नाही थांबलो तर लोकांच्या डोक्यावरून जाते. तुम्ही लोक काय करता?


ठेचा_भाकर | सोमवार, रात्री ९:३०

अर्ध्या मिनिटात हार! भाऊ, रेकॉर्ड हाय हा. आमच्या इकडं मोठ्या लोकाइले चाळीस मिनिटं लागते, तरी लोकं हारासाठी नाई, जेवनाच्या पंगतीसाठी बसते.

जानकार येतीनच. मी चटई टाकून बसतो.


भोंगेवाला | सोमवार, रात्री १०:०५

मंडप-साउंडचा धंदा आहे आमचा, वडिलांपासून. शेकडो भाषणं मशीनच्या मागे बसून ऐकली. वक्त्याचं तोंड दिसत नाही, नुसता आवाज येतो, त्यामुळे कोण कुठे चुकते ते आम्हाला लवकर कळते.

एक गोष्ट कोणीच सांगत नाही. गावात भोंगे लांब लांब बांधतात. एक स्टेजजवळ, एक चौकात, एक थेट पाण्याच्या टाकीवर. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे १७० मीटरवरच्या भोंग्यातला आवाज तुमच्यासमोरच्या माणसाला अर्धा सेकंद उशिरा येतो. तुम्ही "सापळा" म्हणता तेव्हा त्याच्या कानात मागचा "पतंग" पोचत असतो. त्यात समोर शाळेची भिंत असली तर ती वेगळं परत फेकते. धडधड बोलणाऱ्याचा खिचडा होतो आणि मग लोक आम्हाला म्हणतात, साउंड खराब आहे.

म्हणून माझं साधं म्हणणं. आपला शब्द भिंतीवर आपटून परत आलेला ऐकू आला, की पुढचा शब्द सोडायचा. तीन सेकंद वगैरे मोजायची गरज नाही, जागाच सांगते किती थांबायचं. बंद खोलीत कमी, उघड्या मैदानात जास्त.

आणखी एक. थांबल्यावर लोक माइकमध्येच जोरात श्वास घेतात. भोंग्यातून तो बैलाच्या फुसकाऱ्यासारखा ऐकू येतो. तोंड जरा बाजूला करा. माइकला टकटक करू नका, "हॅलो हॅलो" पण नको, ते आमचं काम आहे.


मोजमाप | मंगळवार, सकाळी ७:४०

दुर्गोत्सव मंडळात दरवर्षी प्रास्ताविक माझ्याकडे असते. मागच्या वर्षी पुतण्याने रेकॉर्ड केलं. घरी ऐकलं आणि कानावर हात ठेवले. सहा मिनिटांत "या ठिकाणी" एकतीस वेळा. "खऱ्या अर्थाने" चौदा. "त्या माध्यमातून" मोजायचं सोडून दिलं. या ठिकाणी देवी या ठिकाणी बसली आहे, हे मी स्वतःच्या तोंडाने बोललो आहे.

नंतर लक्षात आलं, पुढचं वाक्य जुळेपर्यंत तोंड रिकामं राहू नये म्हणून ही भरती होती. ट्रॉलीत कापूस कमी पडला की खाली पोती टाकतात ना, तशी.

उपाय एकच लागू पडला. वाक्य संपलं की ओठ मिटायचे. खरोखर मिटायचे, एकमेकांना लागले पाहिजेत. ओठ मिटलेले असले की "या ठिकाणी" निघत नाही. पहिले चार दिवस घरी भाजी मागतानासुद्धा तसं केलं. बायकोला वाटलं दाढ दुखते.


संत्र्याची_फोड | मंगळवार, सकाळी ११:१५

विरोधी मत नोंदवतो.

हे थांबण्याचं खूळ व्हिडिओवाल्यांनी आणलं. प्रत्येक वाक्यानंतर थांबणारा माणूस म्हणजे काटोल-नागपूर साधी एसटी, कुठं हात दाखवला की उभी. ऐकणाऱ्याला घरी जायचं असते हो. आमच्याकडे एक जण असाच कोर्स करून आला. "मित्रांनो" म्हणाला आणि डोळे बारीक करून थांबला. मागून एक पोट्टा ओरडला, "विसरला काय बे!" संपलं.

अटलबिहारी वाजपेयी थांबायचे हे खरं. मी लहानपणी सभेत ऐकलंय, दोन वाक्यांच्या मधात माणूस बिडी पेटवून घेईल एवढी फट. पण लोक श्वास रोखून बसायचे, कारण पुढं काही तरी येणार याची खात्री होती. ती खात्री आधी कमवावी लागते. आपण थांबलो तर लोक घड्याळ पाहतात. पऱ्हाटीवाल्या, तू सरळ कागद वाच आणि झेरॉक्स वाटून दे.


झाडीवाला | मंगळवार, दुपारी २:५०

संत्र्याची_फोड, तुमचा किस्सा खरा आहे जी, पण दोष थांबण्याचा नाही, डोळ्यांचा आहे.

मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकं करतो. दिवाळी झाली की सुरू, वडसा गाठायचं, तिथून मंडळाची गाडी, रोज नवं गाव. शंकरपट असो की मंडई, रात्री नाटक पाहिजेच, आणि ते पहाटेपर्यंत चालते. तालमी मोजक्या, त्यामुळे प्रॉम्प्टरवर भिस्त. आता प्रॉम्प्टर आणि तुमचे संचालन करणारे सर यांचा स्वभाव सारखाच. शांतता झाली की त्यांच्या पोटात गोळा येतो.

माझं पहिलं मोठं काम बापाचं होतं. पोरगा घर सोडून जातो, मी उंबऱ्यात उभा. त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बोलायचं नाही आणि मग एकच वाक्य. मी थांबलो. प्रॉम्प्टरला वाटलं, गडी विसरला. त्याने वाक्य टाकलं. मी गप्प. त्याने जोराने टाकलं. मी गप्प. तिसऱ्यांदा त्याने एवढ्या जोरात टाकलं की पहिल्या चार रांगांतल्या बायांनी ऐकलं, आणि त्यातली एक मला म्हणते, "सांग ना जी, तो सांगते ना!"

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या वहीत त्या जागी लाल पेनाने बैल काढून दिला. बैल दिसला की चूप बसायचं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक वहीत बैल असतात.

तर पऱ्हाटीवाल्यांनी आधी संचालन करणाऱ्या सरांना सांगून ठेवावं, मी "जय जवान" म्हटल्याशिवाय हार आणू नका.

आता डोळ्यांचं. विसरलेला माणूस वर पाहतो नाही तर खाली पाहतो, छपराकडे किंवा चपलांकडे. पाय हलवतो, हात खिशाकडे जातो. थांबलेला माणूस लोकांकडे पाहतो. सगळ्यांकडे नाही, एकाकडे. तिसऱ्या रांगेतला एक म्हातारा धरायचा आणि त्याच्याकडे पाहत थांबायचं. तो मान हलवेल नाही तर नजर वळवेल. काही तरी झालं की पुढे जायचं. अंग हलू द्यायचं नाही. अंग थांबलेलं असलं की लोकांना कळते, हा थांबला आहे, अडकला नाही.


ठेचा_भाकर | मंगळवार, दुपारी ३:०१

"सांग ना जी, तो सांगते ना" 😂 इथंच पैसे वसूल.


बचतगट_ताई | मंगळवार, रात्री ८:२०

स्वयंपाक आटोपून लिहितेय, थोडं लांबेल.

मेळाव्यात निदान आपल्या हातात माइक असतो. ग्रामसभेत तोही नसतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या चार दिवसांच्या सभा तरी होतात. बाईमाणूस उभी राहिली आणि श्वास घ्यायला थांबली की लगेच कोणी तरी भाऊ म्हणतो, "बरं, ताईंचं म्हणणं असं आहे की..." आणि माझं म्हणणं तोच सांगतो. सुरुवातीला म्हणून मी पण सुसाट बोलायची. एका दमात. आवाज चिरका व्हायचा आणि मग बायाच म्हणायच्या, ताई चिडल्या वाटते.

मग माझ्या ध्यानात आलं की मला तोडतात ते नेहमी एकाच जागी. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येते. "आहे" म्हटलं, "झालं" म्हटलं, "करा" म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या कानाला वाक्य संपलं. तिथं थांबणं म्हणजे फाटक उघडं टाकून आंघोळीला जाणं. कोणाचंही जनावर आत येणारच. पऱ्हाटीवाले भाऊ "आली आहे" म्हणून थांबले. तिथं हार पडणारच होता!

मी आता क्रियापदाच्या आधी थांबते.

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत पैशाचा घोळ सांगायचा होता. कोणाचं नाव घ्यायचं नव्हतं. मी वही उघडली, बोट ठेवलं आणि म्हटलं, "आपल्या बचतीच्या वहीत अकरा हजार रुपये..." आणि थांबले. कोणालाच मधात बोलता येईना, कारण वाक्य लटकलेलं. अकरा हजार काय? जमा आहेत, आले, गेले? बांगड्या वाजायच्या बंद झाल्या. एक जण पदराच्या टोकाला गाठ मारू लागली. ती गाठ मी पाहिली. मग म्हटलं, "...कमी आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात हजार घरी आले. बाकीचे दिवाळीपर्यंत देते म्हणाली.

तर भाऊ, "यंदा बोंडअळी..." इथं थांबा. हार घेऊन उभा असलेला माणूसही ऐकत राहील.

पण एक काळजी घ्या, वाक्य कुठंही चिरू नका. शब्द आणि त्याचा प्रत्यय, नाही तर जोडशब्द, याच्या मधात थांबलं की फजिती. आमच्याकडे एकांनी लिहून आणलेलं भाषण वाचलं. "आपल्या मंडळाचे अध्यक्ष गेली दहा वर्षं दारू..." पान संपलं. उलटायला बोटाला थुंकी लावली. "...बंदीसाठी झटत आहेत." मधल्या वेळात जे हसू झालं ते अध्यक्ष अजून विसरले नाहीत.


भोंगेवाला | मंगळवार, रात्री ८:४४

ताई, हे तर मी इतकी वर्षं मशीनच्या मागे ऐकून राहिलो आणि मला कधी सुचलं नाही. "आहे" आलं की माझा हात आपोआप दुसऱ्या माइकच्या बटणाकडे जातो! खरंच जातो.


भाषेचा_किडा | मंगळवार, रात्री ११:३०

नागपूरला भाषाशास्त्र शिकून गावात परत आलेला प्राणी. ताईंनी सांगितलं त्याला शास्त्राचाही आधार आहे.

२००९ साली दहा भाषांमधल्या रोजच्या बोलण्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हो-नाही विचारणाऱ्या प्रश्नाला उत्तर यायला किती वेळ जातो हे मोजलं होतं. सरासरी निघाली सेकंदाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी. डॅनिश लोक त्यातल्या त्यात निवांत, जपानी सगळ्यांत झटपट, पण फरक सेकंदाच्या आतलाच. एवढ्या वेळात ऐकून, विचार करून, तोंड उघडणं शक्यच नाही. म्हणजे समोरचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज आपण आधीच बांधलेला असतो आणि उडी मारायच्या तयारीत असतो. संचालन करणारे सर उद्धट नाहीत, त्यांना वाटलं पाळी आपली.

भाषणात आपण तीन सेकंद थांबतो तेव्हा गप्पांच्या हिशेबाने ती पंधरा पट लांब फट असते. अवघड वाटणारच. बोलणाऱ्याला ती ऐकणाऱ्यापेक्षा मोठी वाटते. स्वतःचं रेकॉर्डिंग ऐका. "युग गेलं" असं वाटलेली जागा ऐकताना जेमतेम स्वल्पविराम निघते.


मास्तरीण | बुधवार, दुपारी ४:१५

शाळा सुटली, आता वाचलं सगळं.

मी पांढरकवड्याकडच्या जिल्हा परिषद शाळेत. १९७०च्या दशकात मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी वर्गात बसून मोजलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती थांबतात. साधारण एक सेकंद, बऱ्याचदा त्याहून कमी. मग स्वतःच उत्तर देतात नाही तर दुसऱ्याला उठवतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात, "माहीत नाही" कमी होतं, आणि कधीच न बोलणारी मुलं बोलायला लागतात. हे मी प्रशिक्षणात ऐकलं, वहीत लिहिलं आणि विसरले.

आमच्या वर्गात अर्धी मुलं कोलाम आदिवासींची. घरात कोलामी. एक मुलगा होता, त्याला मी दोन वर्षं मठ्ठ समजत होते, हे लिहिताना लाज वाटते. मी विचारायची, "पाटीवर किती चिंचोके?" तो माझ्याकडे पाहायचा, मी पुढच्याला विचारायची. एकदा शिंक आली म्हणून मी थांबले. रुमाल शोधला, नाक पुसलं. तेवढ्यात तो म्हणाला, "चौदा." बरोबर होते.

माझा प्रश्न मराठीतून त्याच्या कानात जायचा, कोलामीत उलटायचा, तिथं मोजला जायचा, पुन्हा मराठीत यायचा. एवढा फेरा एका सेकंदात कसा होईल? मी दर वेळी तो पोचायच्या आत दार लावत होते.

पऱ्हाटीवाले, तुमच्या पारावर कोलाम असतील, बंजारा तांड्यातले असतील, म्हातारे असतील. सापळा, पतंग, हेक्टर हे शब्द त्यांच्याकडे जाऊन परत यायला वेळ लागतो. रुबाब पडावा म्हणून थांबू नका, त्यांचं मोजणं व्हावं म्हणून थांबा. आणि प्रश्न विचारला तर उत्तर येईपर्यंत थांबाच. "समजलं ना?" हा प्रश्न नाही. त्याला सगळे "हो" म्हणतात.


संत्र्याची_फोड | बुधवार, सायंकाळी ६:०२

ताई आणि मास्तरीण बाईंपुढे माघार. माझा राग डोळे बारीक करून थांबणाऱ्यांवर होता, तो कायम आहे.


टाळकरी | बुधवार, रात्री ९:५०

एवढं झालं आणि कीर्तनाचं कोणी काढलं नाही?

आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. १८७६ चा जन्म. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन. ते प्रवचन देत नव्हते, विचारत होते. साधा प्रश्न, वऱ्हाडीत, आणि मग लोकांच्या तोंडून उत्तर येईपर्यंत पुढे जायचं नाही. हजारो लोक एका शब्दात उत्तर द्यायचे. मास्तरीण बाई म्हणतात ते तीन सेकंद बाबांना कोणी शिकवले नव्हते, शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं त्यांनी.

दुसरं, लग्नातलं. मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात, ओळीत १९ अक्षरं, बाराव्यावर यती, म्हणजे थांबायची जागा. "स्वस्ति श्री गणनायकं गजमुखं" इथं बारा झाली, श्वास घ्या, मग उरलेली सात. जे भटजी ही यती पाळतात त्यांचं मंगलाष्टक मांडवाच्या टोकापर्यंत कळतं. आजकाल हौशी मामा-मावश्या घरी लिहिलेलं म्हणतात, यती जाते खड्ड्यात, आणि "सावधान" यायच्या आत अक्षता संपलेल्या असतात. "सावधान"च्या आधीची ती फट सगळ्यांत महत्त्वाची. हात वर गेलेले, मुठी बंद, आंतरपाटाच्या दोन बाजूंना दोघं. तिथं घाई करणारा भटजी मला माणूस म्हणून आवडत नाही.

तिसरं गुरुकुंज मोझरीचं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी गेले. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात त्याच वेळेला मौन श्रद्धांजली असते. आठवडाभर खंजिरी, भजनं, भोंगे, दुकानांचा गलका. आणि त्या मिनिटाला सगळं बंद. मी तीनदा उभा राहिलो आहे त्या गर्दीत. पहिल्या वेळी लांब कुठं तरी एक तान्हं रडत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. डोळे मिटले असते तर वाटलं असतं वावरात एकटाच उभा आहे.


मोजमाप | बुधवार, रात्री १०:१०

टाळकरी बुवा, मोझरीचं खरं. पण गावातल्या शोकसभेतलं "दोन मिनिटं मौन" मी घड्याळ लावून पाहिलं आहे. अठ्ठावीस सेकंद. एकदा बत्तीस. जो मौन जाहीर करतो तोच आधी डोळा उघडून पाहतो, कोणी उघडला का.


ठेचा_भाकर | बुधवार, रात्री १०:१४

अन् तुम्ही डोळे उघडून घड्याळ पाहत होते.


मोजमाप | बुधवार, रात्री १०:२०

...


पऱ्हाटीवाला | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:४०

मंडळी, काल पारावर झालं एकदाचं. सविस्तर लिहितो, तुमचा हक्क आहे.

हनुमानाच्या देवळाचा पार, रात्री आठला, सत्तरेक माणसं, बाया वेगळ्या ओट्यावर. भोंगे नाही, एकच बॉक्स. संचालनाला तेच सर (आमच्या भागात सगळीकडे तेच असतात). त्यांना आधीच सांगितलं, मी खाली बसेपर्यंत हार आणू नका. ते म्हणाले, बरं. पण माझ्या मागे पूर्णवेळ हार हातात धरून उभे राहिले.

कागदावर बैल काढले होते. सहा. पहिल्या दोन बैलांवर मी थांबलोच नाही, सवय. तिसऱ्यावर मुख्य गोष्ट होती. मागच्या मेळाव्यात मी ती अशी सांगणार होतो: "एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ पतंग सापडले तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असं समजून शिफारशीत फवारणी करावी." एका दमात. आता असं सांगितलं:

"आपल्या वावरातल्या एका सापळ्यात..." थांबलो. सापळा हातात होता, वर धरला.

"रात्रीतून आठ पतंग..." आठ बोटं दाखवली आणि तिथंच थांबलो. क्रियापद नाही, काही नाही. ताई, तुमचं फाटक.

देवळामागे कोणाची तरी म्हैस होती, तिची साखळी वाजली. समोरच्या रांगेत एक जण पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. पन्नीचा तो घासायचा आवाज मला माझ्या भाषणापेक्षा मोठा वाटत होता. मी त्याच्याकडेच पाहत राहिलो, झाडीवाल्या दादांनी सांगितलं तसं. त्याचा हात थांबला. आवाज बंद झाला. माझे कान गरम झाले होते, खोटं नाही सांगत. वाटलं आता हार पडतो.

तेवढ्यात मागून आमच्या गल्लीतले एक बुढे बाबा बोलले, "का बा, आठ एका रातचे, का तीन रातीचे मिळून आठ?"

मी अजून "तीन रात्री" म्हटलंच नव्हतं! बाबांना मागच्या वर्षीपासून आठवत होतं. आणि गंमत पाहा, तेवढ्यात चार जण बोलले. दोघं म्हणाले मिळून, एक म्हणे एका रात्रीचे, एक म्हणे सगळ्या सापळ्यांचे मिळून. मागच्या वर्षी मीच पत्रक वाटलं होतं. सगळ्यांनी "समजलं" म्हटलं होतं. आणि तिघं चुकीचं मोजत होते.

मग सांगितलं. एका सापळ्यात एका रात्री आठ. आणि असं सलग तीन रात्री. मिळून नाही. हेक्टरी पाच सापळे, रोज सकाळी मोजून वहीत लिहायचं. त्या बाबांनी परत म्हणून दाखवलं, मी नुसती मान हलवली. बाकीचे तीन बैल वापरायची वेळच आली नाही, लोकच बोलत होते. फरदडीचा विषय एका बाईने काढला: डिसेंबरात पऱ्हाटी उपटली तर वेचणीचे पैसे कोण देते? त्यावर अर्धा तास. त्यात मी फार कमी बोललो. उत्तर पूर्ण नव्हतंच माझ्याजवळ. अळीचं चक्र तुटायला हंगाम वेळेवर संपवावा लागतो एवढंच सांगता आलं. तिला ते पटलं नाही, आणि तिच्या हिशेबाने तिचं बरोबर आहे.

फजिती पण सांगतो. शेवटी आभार मानताना मी घाईत पुन्हा सुसाट सुटलो आणि "या ठिकाणी" चार वेळा म्हटलं. मोजमापभाऊ, ओठ मिटायचं विसरलो.


बचतगट_ताई | रविवार, रात्री ११:०२

बाबांना माझा नमस्कार सांगा. आणि त्या बाईलाही.


झाडीवाला | रविवार, रात्री ११:१५

सहापैकी एकच बैल जुंपला, तरी काम झालं जी. दिवाळीनंतर आमच्या नाटकाला या, पास ठेवतो. प्रॉम्प्टर तोच आहे.


ठेचा_भाकर | रविवार, रात्री ११:२१

अन् हार?


पऱ्हाटीवाला | रविवार, रात्री ११:२६

बसलो तेव्हा घातला. तोपर्यंत झेंडूच्या पाकळ्या सरांच्या बुटावर पडल्या होत्या.


भोंगेवाला | सोमवार, सकाळी ६:५०

बाकी जाऊ द्या, तुमच्या स्वतःच्या सापळ्यात किती निघाले ते सांगा. आमची पण चार एकर आहे.


पऱ्हाटीवाला | सोमवार, सकाळी ७:३५

परवा सहा. काल नऊ. आजचे मोजायला निघालो आहे.